रामगढचं वल्हं

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड भरलं. नवी स्टेडियमं, नवे उड्डाणपूल, नवलाईचा रंगीत टीव्ही आणि त्यात नाचणारा अप्पू हत्ती. शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यात नवल काहीच नव्हतं. पण वल्ह्यांच्या शर्यती? त्या झाल्या जयपूरला. एशियाडमध्ये नौकानयन त्या साली पहिल्यांदाच आलं, आणि आलं ते थेट राजस्थानात. शहरापासून तीसेक किलोमीटरवरच्या जमवा रामगढच्या तलावात.

आज तिथे वल्हं मारायचं तर मातीत मारावं लागेल.

जयपूरला येऊन मला बरीच वर्षं झाली. माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट नेणारी फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी लाँच होती, आणि लाँच बंद असली, चुकली किंवा भलत्या वेळी कुणाकडे मयत झालं, की होडी होती. होडीचं वल्हं मला माणसांपेक्षा स्पष्ट आठवतं. उभं केलं तर घराच्या पाख्याला लागेल एवढं. दांड्याला दोरीचा वेढा घालून ते खुंटीला अडकवायचे. दोरी जिथे घासायची तिथे लाकडात चांगली बोटभर खाच पडलेली, काळी, तेलकट. मुठीच्या जागी मात्र लाकूड उजळ आणि गुळगुळीत, कारण तिथे एकाच घराण्यातल्या तीन पिढ्यांचे तळवे फिरले होते. पात्याला टोकाशी भेग गेली होती. ती वाढू नये म्हणून पत्र्याची पट्टी ठोकलेली, आणि खिळ्यांची डोकी गंजून भोवतीच्या लाकडावर तांबूस ओघळ उतरलेले. पावसाळ्यात होडी ओढून घेतली की वल्हं वळचणीला आडवं जायचं. काढायच्या वेळी त्याला मुशीचं तेल पाजायचे आणि मग पुढचे आठ दिवस सगळ्या वाडीला तो वास.

नाखव्याला आम्ही मुलं विचारायचो, आज किती वेळ लागेल हो? तो आकाशाकडे नाही, घड्याळाकडे नाही, पाण्याकडेसुद्धा नाही, वल्ह्याकडे बघायचा. दोनतीन हात मारायचा आणि मग सांगायचा. ओहोटीचं पाणी खेचतंय की भरतीचं लोटतंय, खाली रेती आहे की चिखल, मधल्या रेतीच्या दांड्यावर पाणी किती उरलंय, हे सगळं त्याला मनगटात कळायचं.

जयपुरात असं पाणी कुठलं, असं मला आल्याआल्या वाटायचं. ते खरं नाही. या शहराच्या आधीही इथे पाणी होतं. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये नगर वसवलं त्याच्या आधीपासून तालकटोरा होता आणि त्यात मगरी होत्या. मानसागराचा बांध १६१० च्या सुमाराचा. रावतकडच्या मिठाया आणि लाखेच्या बांगड्या घेऊन परतणारे आमचे पाहुणे आमेरच्या रस्त्यावर गाडी थांबवतात, पाळीवर उभे राहून पाण्यातल्या जलमहालाचा फोटो काढतात. त्या तलावात आसपासच्या वस्त्यांचं सांडपाणी यायचं; गेल्या वीसेक वर्षांत ते बरंच निस्तरलं गेलं. महालाच्या डागडुजीच्या वेळी जुन्या राजपूत घडणीच्या लाकडी नावा करायच्या ठरल्या, तेव्हा त्या घडवायला कारागीर आणावे लागले वृंदावनहून. यमुनेकाठचे नावा घडवणारे ते. जयपुरात संगमरवर कोरणारे, पितळ ठोकणारे, पतंगाचा मांजा घोटणारे, निळी भांडी भाजणारे सगळे मिळतात. वल्हं तासणारा मिळाला नाही.

पण ही कहाणी मानसागराची नाही. मानसागर अजून भरलेला आहे.

रामगढचा बांध महाराजा दुसरे माधोसिंग यांच्या काळातला, १९०३ मध्ये पुरा झालेला. हाच तो राजा, जो १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला निघाला तेव्हा विलायतेचं पाणी तोंडाला लागू नये म्हणून चांदीच्या घागरींतून गंगाजल घेऊन गेला. सिटी पॅलेसमध्ये त्यातल्या दोन गंगाजळ्या आजही ठेवल्या आहेत: माणसाच्या खांद्याच्या वर जाणाऱ्या, प्रत्येकी सुमारे ३४५ किलो चांदीच्या, प्रत्येकीत ४,००० लिटर पाणी मावेल अशा. तिसरीही होती, तांबड्या समुद्रात वादळ उठलं तेव्हा ती वरुणाला अर्पण केली, असं सांगतात. पर्यटक त्या घागरींपुढे तोंडात बोट घालतात. मला मात्र नवल वाटतं ते तारखांचं. एका वर्षी या राजाने पाणी चांदीत कोंडून समुद्रापार नेलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या राज्यात बाणगंगेचं पाणी दगडी भिंतीमागे उभं राहिलं. चांदीतलं राजाचं. भिंतीमागचं पुढे सगळ्यांचं झालं.

बाणगंगा बैराठच्या डोंगरांतून येते. बैराठ म्हणजे विराटनगर, पांडवांच्या अज्ञातवासाचं, असं इथले लोक मानतात, आणि ही नदी अर्जुनाच्या बाणाने उपजली असंही. ज्या नदीचं गोत्रच अज्ञातवासाचं तिने पुढेमागे नाहीसं व्हावं, हे तिच्या नावाला धरूनच झालं म्हणायचं. पूर्ण भरलेला रामगढ साडेपंधरा चौरस किलोमीटर पसरायचा आणि भिंतीशी ६५ फूट खोल असायचा. १९३१ पासून त्याचं पाणी जयपूरच्या नळांना येऊ लागलं. त्यानंतर कित्येक दशकं हे गुलाबी शहर रामगढचंच पाणी प्यालं, त्यातच डाळ शिजवली, तेच उन्हाळ्यात अंगणात शिंपडलं. १९८१ च्या जुलैत जयपुरात असा पाऊस कोसळला की वस्त्या वाहून गेल्या. रामगढ त्या साली सांडव्यावरून वाहिला, आणि पुढच्या वर्षी त्याच भरल्या अंगावर एशियाडच्या नावा उतरल्या.

त्या नावा कशा असतील? खाडीतल्या होडीला त्या नात्यातल्याही वाटल्या नसत्या. हातभर रुंदीच्या, सुरीसारख्या लांबट, एकट्या सोडल्या तर कलंडणाऱ्या. वल्ही तेव्हा बव्हंशी लाकडाचीच. कार्बनची वल्ही परदेशात निघाली होती, पण अजून रुळली नव्हती. स्प्रूसचं हलकं, सरळ रेषांचं लाकूड आतून पोकळ करून, चिकटवून, वर वॉर्निश चढवून केलेलं वल्हं. दोन हातांत दोन असतील तर प्रत्येक तीन मीटरच्या आत, दोन्ही हातांनी एकच ओढायचं तर पावणेचार मीटरच्या आसपास. पातं दोन्ही बाजूंना सारखं, पोटाशी किंचित खोलगट. कुऱ्हाडीच्या पात्यासारखं एका बाजूला झुकलेलं आताचं रुंद पातं १९९१ नंतरचं.

आणि या नावेत माणूस पाठमोरा बसतो. जायचं असतं त्या दिशेला त्याची पाठ. त्याला दिसतं ते मागे सुटलेलं पाणी, आणि त्यावर त्याच्याच वल्ह्यांनी उमटवलेल्या भोवऱ्यांच्या दोन रांगा. जवळचे फिरणारे, लांबचे विरत चाललेले. रामगढच्या त्या स्पर्धकांना दोन हजार मीटर हेच दिसलं असणार. भोवताली अरवलीचे बोडके डोंगर, हिवाळ्याचं कोवळं ऊन आणि डोळ्यांसमोर लांब लांब जाणारा तलाव. शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसलेल्या कुणालाही तेव्हा कळलं नाही की हा तलावच शेवटाकडे निघाला आहे.

तलाव एका दिवसात मेला असता तर बातमी झाली असती. तो ओढ्याओढ्याने मेला. वरच्या अंगाला कुणी छोटा बंधारा घातला, कुणी ओढ्याच्या पात्रात शेत केलं, कुणी फार्महाऊसची भिंत उठवली, रस्त्यांनी उतार अडवले, विहिरी खोल गेल्या आणि जमिनीनेच येणारं पाणी पिऊन टाकलं. पाऊस पडत राहिला, रामगढपर्यंत पोचेना. या शतकाच्या सुरुवातीला तळ उघडा पडला. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, अतिक्रमणं काढायचे आदेश निघाले, समित्या नेमल्या गेल्या. न्यायालयाचा आदेश कागदावरून उतरून नाल्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि बाणगंगेचं पाणी रामगढला पोचायला लागणारा वेळ, दोन्ही एकाच मापाचे निघाले.

जयपुरात मात्र त्या वर्षांत नळ चालूच होते. टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचं पाणी २००९ पासून शहरात येऊ लागलं, शंभराहून अधिक किलोमीटर नळांतून वाहत. माझ्या कॉलनीत सकाळी ठरल्या वेळी मोटर लागते, टाकी भरते, बंद होते. रामगढचं पाणी कधी संपलं आणि बीसलपूरचं कधी आलं, ते चहाच्या चवीवरूनसुद्धा कुणाला कळलं नाही. माझा सगळा शोक या एका गोष्टीभोवती फिरतो. नळाला कुठलंही पाणी चालतं. त्याला गाव, नदी, वंश काही विचारायचं नसतं. वल्ह्याला तसं चालत नाही. वल्ह्याला तेच पाणी लागतं, तिथेच लागतं, उघडं आणि खोल लागतं. शहराची तहान दुसरीकडून भागवता आली, म्हणून रामगढसाठी हंडे घेऊन कुणी रस्त्यावर आलं नाही. उणीव भासली असेल ती वल्ह्याला, आणि वल्ह्याला मत नसतं.

उन्हं उतरल्यावर एकदा तलावाच्या तळात उतरले. भिंतीवर फुटांच्या खुणा अजून दिसतात. खाली विलायती बाभळी माजलेल्या, मध्ये मध्ये पेरलेले तुकडे, मोहरीची खुंटं, टायरांच्या चाकोऱ्या. शेळ्या राखणारे एक बाबाजी भेटले. इथे शर्यती झाल्या होत्या ना, विचारलं. त्यांनी काठी उचलून डोंगरापासून डोंगरापर्यंत एक सावकाश रेघ मारली आणि म्हणाले, "अठै तो समंदर छो." त्यांनी परदेशी माणसं पाहिली होती, लांबलचक नावा खांद्यावरून नेताना. वल्ही आठवतात का, म्हटलं. ते हसले. त्यांना लक्षात राहिलं होतं ते पोलिसांनी दिलेलं जेवण.

होमरच्या ओडिसीत एक भाकीत आहे. वर्षानुवर्षं समुद्रात भरकटलेल्या ओडिसिअसला टायरेसिअस सांगतो की घरी पोचलास तरी सुटका नाही. खांद्यावर वल्हं घे आणि समुद्राकडे पाठ करून आत आत चालत जा. ज्या मुलखात लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, अन्नात मीठ घालत नाहीत, तिथे कुणीतरी वाटेत भेटेल आणि विचारेल, हे धान्य उफणायचं फावडं खांद्यावर का घेतलंस? तिथे थांब, वल्हं जमिनीत रोव आणि वरुणाच्या त्या ग्रीक भाऊबंदाला बळी दे. मोहरीच्या खुंटांमध्ये उभी असताना ते भाकीत माझ्या डोळ्यांपुढे उलटं झालं. ओडिसिअसला समुद्र न पाहिलेला गाव गाठायला पायपीट करावी लागली असती. इथे कुणी कुठे गेलं नाही, पाणीच उठून गेलं. आणखी वीस वर्षांनी याच तळात कुणी वल्हं घेऊन आलं तर बाबाजींचा नातू खरंच विचारील, खळ्यावर चाललात का? (मीठ मात्र तो खाईल. सांभर सरोवर इथून फार लांब नाही.)

उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या काठी ओडिसिअसची पंचाईत झाली असती. तिथल्या अनिशिनाबे लोकांत नाव आणि धान्य वेगळं काढताच येत नाही. भाद्रपदाच्या सुमाराला उथळ तळ्यांतून त्यांचा रानतांदूळ पिकतो. एकजण नावेत उभा राहून लांब काठीने नाव गवतातून रेटतो, दुसरा बसून सीडरच्या दोन हलक्या काठ्यांनी एकीने लोंब्या नावेवर वाकवतो, दुसरीने हळूच झोडतो. दाणे नावेत पडतात, काही मुद्दाम पाण्यात पडू देतात, पुढच्या वर्षासाठी. परंपरेने नाव बर्च झाडाच्या सालीची, मुळांनी शिवलेली, डिंकाने सांधलेली. वल्हं अ‍ॅशचं, मेपलचं किंवा सीडरचं, एका अखंड फळीतून वाकड्या चाकूने तासलेलं. खुंटी नाही, दोरी नाही. दोन हातांत धरायचं आणि गुडघ्यांवर बसून, तोंड पुढे करून मारायचं. उंचीही ज्याची त्याची. उभं धरलं की माणसाच्या हनुवटीला नाहीतर नाकाला टेकावं. दुसऱ्याचं वल्हं त्यामुळे दुसऱ्याच्या चपलेइतकंच परकं.

त्यांचंही सगळं सुखाचं चाललं असं नाही. विस्कॉन्सिनमध्ये १९२३ साली एक धरण झालं आणि लाक कूर्ट ओरेय इथल्या ओजिब्वे या अनिशिनाबे लोकांचं पाक्वावाँग हे गाव त्याखाली गेलं. घरं, पुरलेली माणसं आणि रानतांदळाची तळीही गेली, कारण हा तांदूळ उथळ पाण्यातला, खोल पाण्यात गुदमरतो. इकडे बांध कोरडा पडून वल्हं गेलं, तिकडे बांध भरून. भिंत बांधणाऱ्यांनी दोन्हीकडे हिशेब पाण्याचाच केला होता.

पण तिथे वल्हं परत आलं. वेन वॅलियर यांच्यासारख्या कारागिराने सालीच्या नावा बांधायची विद्या पोरांच्या हातात दिली आणि २०२० मध्ये त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा-सन्मान मिळाला. जोसेफिन मँडामिन या आजींनी २००३ मध्ये तांब्याची बादली पाण्याने भरून घेतली आणि लेक सुपिरियरच्या काठाकाठाने चालायला लागल्या; पुढे पाचही सरोवरांना अशी प्रदक्षिणा घातली. २०१९ मध्ये त्या गेल्या. आपल्याकडे नर्मदेची परिक्रमा करतात, म्हणून मला ते परकं वाटत नाही. माधोसिंगांच्या चांदीच्या घागरींशेजारी त्या तांब्याच्या बादलीला जागा मिळावी असं मनात येतं. एकीत पाणी होतं राजा बाटू नये म्हणून, दुसरीत होतं पाण्याचीच विचारपूस करावी म्हणून.

आपल्याकडे विचारपूस कुणी केली? गंमत अशी की वल्हं आपल्याकडे जगवलं ते कोरड्या गावांतल्या पोरांनी. सीकर जिल्ह्यातला बजरंगलाल ताखर, राजपुताना रायफल्सचा शिपाई. त्याने २०१० मध्ये ग्वांगझूला एशियाडमधलं भारताचं नौकानयनातलं पहिलं सुवर्ण आणलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तर बापाबरोबर विहिरी खणायला जायचा. पाणी त्याने आधी असं पाहिलं, खड्ड्याच्या तळाशी, पाझरत येणारं. फौजेत गेल्यावर हातात वल्हं आलं, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला, २०१८ मध्ये एशियाडला चौघांच्या नावेत सुवर्ण. या पोरांची वल्ही कार्बनची. लाकूड त्यांच्या वाट्याला आलंच नाही, आणि त्याचं त्यांना दुःख असायचं कारणही नाही. हलकं वल्हं वेगाने जातं, एवढंच शर्यतीला पुरतं. दुःख माझ्यासारखीचं. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा १९२८ पासून चालते. मुळा नदीवर वल्हं आहे, तरुण मनगटं आहेत, आणि पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा.

तेव्हा वल्ह्या, तुझ्यासाठी रडायचं म्हणजे नेमकं कुणासाठी, हे मला अजून ठरवता येत नाही. रामगढच्या त्या स्प्रूसच्या वल्ह्यासाठी म्हणावं, तर ते मी पाहिलंही नाही. वॉर्निश उडालं असेल, चिकटवण उललं असेल, कुठल्या कोठीत भिंतीला टेकून वाळवीची वाट बघत असेल, किंवा तिच्या पोटात गेलंही असेल. लाकूड मरतंच. खाडीतल्या नाखव्याने पाती बदलली, दांडे बदलले, आणि दर वेळी तेच वल्हं म्हणाला. पात्याखाली पाणी होतं तोवर त्याचं म्हणणं खरं होतं. तुला नवं करता आलं असतं. तुझं पातं कितीदाही बदलता आलं असतं.

२०२५ च्या ऑगस्टात रामगढवर ड्रोन उडवून कृत्रिम पाऊस पाडायचा प्रयोग झाला. बघायला एवढी गर्दी लोटली की ड्रोनला धड उडताच येईना. गर्दीतल्या मोबाइलांनी त्याची दिशा चुकवली असं सांगितलं गेलं. मला ती बातमी वाचून हसू आलं आणि मग बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, रामगढला पाणी येणार म्हटल्यावर लोक कामधंदा टाकून धावत आले. दुसरी योजना मोठी आहे: चंबळच्या खोऱ्यातलं जास्तीचं पाणी इकडे वळवायचं, आणि त्यात बनासवरच्या ईसरदा धरणातून रामगढ भरायचं. होईल कदाचित. बाणगंगेच्या घरात बनासचं पाणी येऊन राहील, ६५ फुटांपैकी वीस फूट तरी चढेल, भिंतीवरच्या खुणा पुन्हा ओल्या होतील. मग तिकीटखिडकी येईल, नारिंगी जाकिटं येतील, हंसाच्या आकाराच्या पायडलबोटी आणि रविवारी भडक गाणी लावणाऱ्या मोटारबोटी येतील. येऊ देत. त्यात कुणा शहाण्याने एखादी साधी लाकडी नाव ठेवायची म्हटली, तर वल्ह्यासाठी माणूस पुन्हा वृंदावनला पाठवावा लागेल. आमच्या दाभोळलाही पाठवून बघावं. लाकूड फणसाचं घ्या म्हणावं, आणि मुशीचं तेल बाटलीत नीट बंद करून आणा, नाहीतर सगळ्या डब्यातले लोक उतरतील.